बंद म्हणजे चालू

मी 'बंद' दाबलं. हे मी आजवर सात वेळा लेखी दिलं आहे आणि सातही वेळा समोरच्या साहेबाने चष्मा वर सरकवून विचारलं आहे, "म्हणजे चूक मान्य आहे तर?" नाही मान्य. लाईन बंद करायची होती, पडद्यावर 'बंद' लिहिलं होतं, मी 'बंद' दाबलं. यात चूक कुठे आहे ती मला कोणीतरी दाखवावी. दत्तू भांगरे त्या वेळी खांबावर होता आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, हे आठवलं की अजून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण दुःख वेगळं आणि चूक वेगळी. सह्यकडा वीज कंपनीला हा फरक कळत नसेल तर तो शिकवायची माझी तयारी आहे.

मी रोहिणी वाकचौरे. कोळदरा उपकेंद्रात चौदा वर्षं ऑपरेटर आहे. मोठ्या लाईनीवरून वीज येते, आमच्या उपकेंद्रात तिचा दाब कमी होतो आणि पाच फीडरवरून ती गावागावांत जाते. फीडर चालू-बंद करणं हे माझं काम. खांबावर चढून तारा दुरुस्त करणं हे वायरमनचं काम. आमच्या भागाचा वायरमन दत्तू. अकरा वर्षं आम्ही दोघं फोनवर बोलत आलो. त्याने म्हणायचं, "ताई, बंद करा," मी बंद करायची आणि सांगायचं, "केली बंद," मग तो चढायचा. परमिटचा कागद मागाहून व्हायचा, नियमाप्रमाणे व्हायचाच, पण तो चढायचा माझ्या शब्दावर. वर्षातून दीडशे वेळा तरी त्याने त्या दोन शब्दांवर जीव टाकला असेल.

आणि मग एकनाम आलं.

एकनाम काय आहे ते नीट सांगते, कारण ते वाईट बुद्धीने केलं होतं असं मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी घरातलं प्रत्येक यंत्र पडद्याचं झालं. गिझर, पाण्याची मोटार, गॅस, दाराचं कुलूप, सगळ्यांवर चिन्हं आणि चिन्हांखाली नावं. एका कंपनीचं 'जतन', दुसरीचं 'साठवा', तिसरीचं 'राखा', चौथीचं 'सेव्ह'. म्हातारी माणसं रडकुंडीला आली. माझ्या सासूबाईंनी एकदा 'रद्द'ऐवजी 'काढा' दाबून सगळ्या नातवंडांचे फोटो घालवले, कारण त्यांच्या मते फोटो काढतात तो 'काढा'नेच. तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेने हे तर्कयंत्र तयार केलं. ते नावाचा विचार न करता क्रियेचा विचार करतं. प्रत्येक चिन्ह दाबल्यावर आत नक्की काय घडतं याचा नकाशा काढतं आणि एका क्रियेला सगळीकडे एकच नाव देतं. जिथे एका नावाचे दोन अर्थ निघतात तिथे ते नावच बाद करतं.

सगळ्यात आधी 'लावा' गेलं. दिवा लावला की तो सुरू होतो आणि दार लावलं की ते मिटतं. एकाच शब्दाची दोन तोंडं एकनामला चालेनात. लोक हसले, पण सवय झाली. खरं सांगायचं तर बरंच झालं. माझ्या सासूबाई आता कुठलंही यंत्र चालवतात. सरकारनेही ते सक्तीचं केलं, आणि प्रत्येक प्रणालीला सुसंगतीचे गुण द्यायला सुरुवात झाली. शंभरपैकी शंभर मिळाले की साहेब लोक फेटे बांधून फोटो काढतात.

आता 'बंद'कडे या. एकनामच्या नकाशात दाराच्या कडा चौकटीला टेकल्या की दार 'बंद'. झाकणाच्या कडा डब्याला टेकल्या की डबा 'बंद'. खिडकी, पेटी, पाण्याचा व्हॉल्व्ह, सगळं तसंच. जुळलं की बंद, फाकलं की उघडं. मग फीडरची वीज जोडणारा-तोडणारा ब्रेकर घ्या. ब्रेकरची दोन टोकं जुळली की काय म्हणायचं? एकनामने सांगितलं, 'बंद'. टोकं फाकली की 'उघडे'. शाळेच्या पुस्तकातही 'बंद परिपथातून प्रवाह वाहतो' असंच लिहिलेलं असतं की! तर्काला तर्क जुळला. फक्त एवढंच झालं की लाईन 'बंद' आहे म्हणजे ती जिवंत आहे, आणि 'उघडी' आहे म्हणजे मेलेली आहे.

चौदा वर्षं माझ्या टेबलासमोर लाल आणि हिरवे दिवे होते. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. रंग न ओळखणाऱ्यांना त्रास होतो म्हणून नव्या पडद्यावर तेही गेले. सगळं राखाडी, खाली नाव. परिपत्रक आलं होतं, हो. 'प्रणालीतील संज्ञा अधिक सुसंगत करण्यात येत आहेत.' खाली माझी सही आहे, तीही खरी आहे. त्या वाक्यातून माणूस मरेल असं ज्याला दिसलं असेल त्याने हात वर करावा.

ज्या दिवशी दुपारी नवा पडदा सुरू झाला त्याच दिवशी चार वाजता वावटळ आली आणि कोळदरा फीडर आपोआप पडला, म्हणजे त्याची वीज तुटली. वीस मिनिटांत दत्तूचा फोन.

"ताई, शेवग्याची फांदी पडलीय तारेवर. लाईन मेलीय, टेस्टर लावून बघितलाय मी. साखळी टाकायला चढतोय. तेवढी बंद ठेवा बरं का."

साखळी म्हणजे तारा जमिनीला जोडायची साखळी. ती टाकली की चुकून वीज आली तरी जमिनीत जाते. ती टाकायच्या आधीची दोन मिनिटं माणूस उघडा असतो. ती दोन मिनिटं माझ्या ताब्यात असतात.

मी पडद्याकडे बघितलं. कोळदरा फीडरच्या चौकटीत लिहिलं होतं, 'उघडे'. उघडे? मग बंद नाही? फीडर आपोआप पडतो तसा कधीकधी आपोआप पुन्हा चढतोही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. वर माणूस आहे आणि लाईन 'बंद' नाही! मी शेजारचं 'बंद' दाबलं. पडद्याने विचारलं, 'कोळदरा फीडर बंद करायचा?' मी 'होय' दाबलं. फोनवर म्हणाले, "केली बंद."

दत्तूचं उत्तर आलं नाही. मी काही दाबलं नसतं, तर काही झालं नसतं. मी काळजी घेतली म्हणून झालं. हे वाक्य मी माझ्या जबाबात लिहिलं होतं. टाईप करताना त्यांनी ते गाळलं.

पाव सेकंदात रिलेने, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडणाऱ्या यंत्राने, फीडर पाडला म्हणून जीव वाचला. जिल्ह्याच्या दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेले तेव्हा दत्तूची बायको कल्पना दारातच उभी राहिली. तिच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्याची दोरी धरली होती.

"आत जाऊ नका, ताई," ती म्हणाली. "ते तुमचं नाव घेतलं तरी तोंड फिरवतात."

"वहिनी, मी बंदच दाबलं होतं. तिथे बंद म्हणजे चालू असं केलंय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच शरम वाटली. खरंच, ऐकायला कसं वाटत होतं ते! बंद म्हणजे चालू. शाळेत गृहपाठ न केलेलं पोरही याहून बरी सबब सांगतं.

"फोनवर असाल कुणाशी बोलत," कल्पना म्हणाली. "चुकतं मानसाचं. पन मग कबूल तरी करावं." आणि तिने दार मिटलं.

घरी सचिनचं, माझ्या नवऱ्याचं, वेगळंच. अपघाताला महिना झाला तेव्हा कार्यकारी अभियंता नलावडे साहेबांनी एका पानाचा जबाब तयार करून पाठवला. 'अपघात माझ्या नजरचुकीने, मानवी चुकीमुळे घडला.' खाली सहीची जागा. सही केली की दोन वर्षं बढती थांबणार, बदली होणार, प्रकरण संपणार. नाही केली तर निलंबन आणि पोलीस केस.

"कर सही आणि मोकळी हो," सचिन म्हणाला. "तुझ्या एकटीच्या भांडणाने जगाचं यंत्र बदलणार आहे का?"

"ही सही झाली की अहवालात प्रणाली निर्दोष ठरते. येत्या सोमवारी बाकीच्या चारशे उपकेंद्रांत हाच पडदा बसतोय. आत्ता फक्त बारा ठिकाणी आहे. चारशे, सचिन! चारशे ठिकाणी कुणीतरी काळजी घेणार आणि बंद दाबणार."

"त्यांना प्रशिक्षण देतील."

"मला दिलं होतं. बारा मिनिटांचा व्हिडिओ."

"तू ओरडू नकोस. आधी ते दार बंद कर, शेजारी ऐकतात."

मी दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभीच राहिले. इतक्या साध्या शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता. याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या जबाबाचाही आला नव्हता. आईच्या तोंडून शिकलेला शब्द होता तो. कुणीतरी गुणांसाठी त्याचं पोट उलटं करून ठेवलं होतं आणि वर मलाच सांगत होते की तू नीट वाचलं नाहीस.

चौकशी त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी कंपनीच्या विभागीय कार्यालयात झाली. लांबलचक टेबल, एका टोकाला नलावडे साहेब, त्यांच्या उजव्या हाताला एकनामवाल्या संस्थेचे मिहिर शहाणे. आडनावच शहाणे. तिशीतला, सभ्य, आवाज मऊ. अशा लोकांचा राग धरायलाही जागा सापडत नाही. त्यांनी एक मोठी टॅब्लेट आणली होती. तिच्यावर आमचा पडदा सरावासाठी जसाच्या तसा होता.

दत्तूही आला होता. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला. शर्टाची उजवी बाही पिन लावून वर बांधलेली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"भांगरे, तुम्ही फोनवर काय सांगितलं?" नलावडे साहेबांनी विचारलं.

"बंद ठेवा म्हनलो. चढतोय म्हनलो."

"आणि यांनी काय केलं?"

"चालू केली."

"त्या वेळी बाई दुसऱ्या कशात गुंतल्या होत्या असं वाटलं का?"

"असतील," दत्तू म्हणाला. "न्हाईतर कसं होईल?"

अकरा वर्षं. अकरा वर्षांचा शब्द त्या एका 'असतील'ने पुसला.

मग शहाणे बोलले. "मॅडमच्या भावना मी समजू शकतो. पण बघा, नळ बंद केला की पाणी थांबतं, ब्रेकर बंद केला की वीज वाहते. परिणाम उलटा आहे, पण क्रिया एकच आहे, दोन कडा जुळणं. परिणाम यंत्रागणिक बदलतो, क्रिया बदलत नाही. म्हणून नाव क्रियेला द्यायचं. नाहीतर पुन्हा जुना गोंधळ. आम्ही दोन हजार लोकांवर चाचणी घेतली आहे. शंभरातले शहाण्णव लोक तीन प्रयत्नांत अचूक शिकले."

"तीन?" मी विचारलं.

"हो, फक्त तीन."

"पहिल्या दोन प्रयत्नांच्या वेळी खांबावर कोण होतं?"

"वाकचौरे, मध्ये बोलू नका," नलावडे साहेब म्हणाले.

"मी मध्येच बोलणार आहे, साहेब. तुम्ही मला शेवटी बोलायला देणारच नाही." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "शहाणे, तुमच्या त्या यंत्राला एक अपवाद करता आला नाही? एक? ब्रेकरपुरतं चालू-बंद ठेवा म्हणून?"

शहाण्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "केला होता," ते म्हणाले. "मी स्वतः टाकला होता. पण अपवाद म्हणजे विसंगती. एकनाम विसंगती शोधून आपोआप दुरुस्त करतं. दुसऱ्या दिवशी तो अपवाद राहिला नव्हता."

"आणि तुम्ही?"

"गुण शंभर झाले होते, मॅडम. मग कोणी परत विचारलं नाही."

नलावडे साहेबांनी घसा खाकरला. "हे तांत्रिक आहे. मुद्दा एवढाच की सावधपणे वाचणाऱ्या माणसाची चूक झाली नसती."

मी उठले, शहाण्यांच्या पुढची टॅब्लेट उचलली आणि दत्तूसमोर ठेवली. कोणी अडवायच्या आत.

"दत्तूभाऊ, माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझं काही ऐकू नका. ही सरावाची आहे, खऱ्या लाईनीशी संबंध नाही. हा कोळदरा फीडर. समजा तुम्ही माझ्या जागी आहात. खांबावर तुमचा भाऊ चढलाय आणि सांगतोय, बंद ठेव. सावधपणे वाचा आणि काय करायचं ते करा."

दत्तूने माझ्याकडे बघितलं. अपघातानंतर पहिल्यांदा. मग त्याने पडद्यावरचं वाचलं, ओठ हलवत. "उघडे," तो पुटपुटला. "उघडं कसं? चालूच हाये की मग..." त्याचा उजवा खांदा पुढे झाला, थांबला, आणि मग त्याने डाव्या हाताच्या बोटाने 'बंद' दाबलं. पडद्याने विचारलं. त्याने 'होय' दाबलं.

'कोळदरा फीडर बंद. प्रवाह सुरू.'

त्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. मग तो इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

"हे कुनी लिहिलं?" तो ओरडला. "ओ शहाणे! बंद म्हनजे चालू व्हय? मंग माझा हात काय झाला म्हनायचं, सांगा की! बंद झाला का उघडा?"

"भांगरे, तुम्ही वायरमन आहात," शहाणे चाचरत म्हणाले, "ऑपरेटरचं प्रशिक्षण तुम्हाला..."

"बरोबर," मी म्हणाले. टॅब्लेट पुन्हा मूळ स्थितीला आणली आणि नलावडे साहेबांपुढे सरकवली. "साहेब, तुम्हाला आहे. तीस वर्षं नोकरी, तीन अहवाल वाचलेत, आत्ता डोळ्यांदेखत बघितलंत. खांबावर माणूस आहे. लाईन मेलेली ठेवायचीय. सांगा, काय दाबू? की काहीच दाबू नको? लवकर सांगा, त्याने साखळी टाकलेली नाही अजून."

साहेबांचं बोट पडद्यावर गेलं. 'उघडे'वर थांबलं, 'बंद'कडे सरकलं, परत मागे आलं. त्यांना ठाऊक होतं. शंभर टक्के ठाऊक होतं. तरी ते ठरवत होते. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हात काढून घेतला आणि रुमालाने बोट पुसलं, जणू काही लागलं होतं.

"मेला," दत्तू म्हणाला. "तुमचा मानूस मेला, साहेब."

नलावडे साहेबांनी टेबलावरचा फोन ओढला आणि मुख्य नियंत्रण कक्षाला लावला. घाईत स्पीकर सुरूच राहिला, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ती नवी प्रणाली बसवलेली बारा उपकेंद्रं. तिथे आत्ता कुठे काम चाललंय?"

"दोन ठिकाणी, साहेब. वाघदरी आणि खडकमाळ. दोन्हीकडे माणसं वर आहेत."

"मग त्या दोन्ही लाईनी बंद ठेवा," साहेब म्हणाले. "मी सांगेपर्यंत बंदच ठेवा."

पलीकडून एक बिचकलेला आवाज आला. "साहेब... बंद म्हणजे कोणतं बंद? पडद्यावरचं की आपलं?"

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. ते शब्द शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत जो एक शब्द पुरला होता तोच आता तोंडात घ्यायची त्यांची हिंमत होत नव्हती. शहाण्यांनी काहीतरी सुचवायला हात पुढे केला आणि दत्तूने डाव्या हाताने तो बाजूला सारला.

"काही दाबू नका," साहेब शेवटी ओरडले. "कशालाही हात लावू नका! आधी माणसं खाली उतरवा. फोन करा, गाडी पाठवा, काय वाटेल ते करा, पण उतरवा त्यांना!"

मग आम्ही थांबलो. फोन तसाच सुरू होता. चार मिनिटांनी वाघदरीचा माणूस उतरल्याचं कळलं. खडकमाळचा फोन उचलत नव्हता. त्याचा फोन खाली गाडीत राहिला होता म्हणे. उपकेंद्रातली ऑपरेटर बाई स्वतःच स्कूटर घेऊन निघाली होती, पडद्याला हात न लावता. दत्तू उभाच होता. मी उभी होते. तेरा मिनिटांनी तिचा धापा टाकणारा आवाज आला, "उतरला, साहेब. उतरला."

दत्तूने पडलेली खुर्ची एका हाताने सरळ केली आणि बसला. नलावडे साहेबांनी माझ्यापुढे सहीसाठी ठेवलेला जबाब उचलला, 'मानवी चूक' या शब्दांवर पेन टेकवलं आणि खोडायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मराठीत लिहा," मी म्हणाले. "खांबावरच्या माणसाला समजेल अशा मराठीत."